उंबरठ्याच्या आतले केस

कोल्हापुरात कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबांत एक तक्रार हटकून ऐकू येते: केस. सोफ्यावर केस, गादीवर केस, देवघराच्या पाटावर केस, क्वचित आमटीतही. हा विषय साफसफाईचा समजून हसण्यावारी नेला जातो. आमच्या मते तो इतिहासाचा विषय आहे. कुत्र्याचे केस पूर्वीही गळत होतेच. त्यांची तक्रार मात्र गेल्या काही दशकांतली आहे. ती कशी उत्पन्न झाली, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

पेठांमधल्या जुन्या घरांची रचना आठवावी. पुढे सोपा, आत माजघर, मागे परडे. कुत्र्याची हद्द सोप्याच्या पायरीपर्यंत, फार तर गोठ्यापर्यंत. हा संकेत केवळ स्वच्छतेचा नव्हता. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला स्वर्गाच्या दाराशी अडवतो, तोही सोबतच्या कुत्र्यावरूनच. आणि युधिष्ठिर त्या कुत्र्याला सोडून आत जायचे नाकारतो. शिरोळ तालुक्यातली नरसोबाची वाडी हे दत्तभक्तीचे मोठे क्षेत्र. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, आणि ते चार वेद होत अशी श्रद्धा आहे. ती तसबीर माजघरात लागते. दारातल्या कुत्र्याला मात्र त्याच माजघरात प्रवेश नसे. श्रद्धा आणि व्यवहार यांनी आपापली हद्द अशी वाटून घेतली होती. या व्यवस्थेत गळलेले केस अंगणात पडत, वाऱ्याने उडत किंवा सकाळच्या खराट्याखाली इतर केरात मिसळून जात. त्यांना वेगळे नाव देण्याची गरज कोणाला भासली नाही.

संस्थानी काळातही चित्र फारसे निराळे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कोल्हापूर शिकारीसाठी, विशेषतः चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होते. अशा दरबारांत शिकारीच्या जनावरांसाठी स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र नोकर असत. दख्खनचे खास शिकारी कुत्रे म्हणजे कारवानी. शेजारच्या मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जातीला राजाश्रय दिला आणि त्यांतली एक जोडी राजे पाचवे जॉर्ज यांना भेट म्हणून दिली. तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत हा कुत्रा होता. लांब पाय, खोल छाती, अंगाला चिकटलेले आखूड केस: उघड्या माळावर धावण्यासाठी घडलेले हे शरीर. त्याचेही केस गळतातच, पण पुंजके होऊन लोळत नाहीत.

मग दाट केसांचे कुत्रे आले कोठून? लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली, आणि जातिवंत कुत्र्यांच्या वंशावळ्या लिहिण्याची पद्धत रुळली. जर्मन शेफर्डची जात १८९९ मध्ये माक्स फोन श्टेफानिट्स यांनी निश्चित केली. लॅब्रेडॉरला केनेल क्लबची मान्यता १९०३ मध्ये मिळाली. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणतात तो बहुतेक वेळा इंग्रजी अमदानीत इथे पैदास झालेला इंडियन स्पिट्झ असतो. ‘हम आपके है कौन’ (१९९४) या चित्रपटातला पांढरा टफी याच जातीचा. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग आला आणि घराघरांतून पगाची मागणी होऊ लागली. ही निवड हवामान पाहून झालेली नव्हती. ती आधी प्रतिष्ठेने आणि मग पडद्याने केली.

हवामानाचा संबंध येतो तो असा. यांतल्या बहुतेक जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात: वर राठ केस आणि खाली मऊ, दाट लव. ही लव केव्हा वाढावी आणि केव्हा गळावी, हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरते. बर्लिनमध्ये उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस जवळजवळ सतरा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी. कोल्हापुरात हाच फरक सुमारे तेरा आणि अकरा तासांचा. शिवाय घरात रात्री उशिरापर्यंत दिवे. अशा स्थितीत वर्षातून दोनदा भरभरून होणारी केसगळती बारमाही होते, हे स्वाभाविक आहे. त्यात कुत्र्याचा दोष नाही.

येथे एका शेजाऱ्याची आठवण ठेवली पाहिजे. याच जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते आणि हजारो धनगर जमतात. त्यांच्या दख्खनी मेंढ्यांचे केस कातरले जातात, ते ‘लोकर’ ठरतात, आणि सणगर त्यांचे घोंगडे विणतात. कुत्र्याचे तेच केस ‘केर’ ठरतात. हा भेद निसर्गाने केलेला नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्रे पाळत आणि त्या लोकरीच्या चादरी विणत. ती जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशी झाली. १८५९ मध्ये मेलेल्या ‘मटन’ नावाच्या अशा एका कुत्र्याचे कातडे स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेले आहे, आणि २०२३ साली त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वस्तूला स्थान असले की ती धन होते, नसले की घाण.

ताराबाई पार्कातल्या वा राजारामपुरीतल्या फ्लॅटला अंगण नाही, परडे नाही. तेव्हा कुत्रा उंबरठ्याच्या आत आला, आणि त्याचे केस वाहून नेणारा वारा बाहेर राहिला. उरला तो छताचा पंखा; तो केस कोपऱ्यांत सारतो, काढत नाही. हे केस काढतो कोण, हा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. कुत्रा आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा, मिरवण्याचा मान वडिलांचा, आणि वाकून दिवाणाखालचे केस काढण्याचे काम आईचे किंवा घरकामाच्या बाईंचे. हे ओझे असह्य झाले की पाळलेला कुत्रा कोणाला तरी ‘देऊन टाकला’ जातो, क्वचित रस्त्यावरही सोडला जातो.

उपाय साधे आहेत. ज्याने कुत्रा आणला त्याने रोज दहा मिनिटे गच्चीवर नेऊन त्याला विंचरावे. अंगावरून काढलेला केस फरशीवर पडत नाही. कोरड्या झाडूने केस उडतात, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. कुत्र्याला स्वतःची जुनी वाकळ द्यावी आणि ती दर आठवड्याला धुवावी. दुहेरी थराचे केस उन्हाळ्यात मुळापासून भादरू नयेत. तेच कातडीचे उन्हापासून रक्षण करतात. एखाद्या जागी चट्टा पडून केस जात असतील तर ती ऋतूची गळती नव्हे. गोचीड, खरूज, गजकर्ण वा अंतःस्रावाचा विकार असू शकतो, आणि तेथे पशुवैद्यच हवा.

यावरून कोणी ‘देशी कुत्रा आणा’ असा निष्कर्ष काढील, तर तोही अपुरा आहे. माळावर धावण्यासाठी घडलेल्या मुधोळला दोन खोल्यांत कोंडणे हा निराळा अन्याय होईल. दारातल्या गावठी कुत्र्याचा विचार मात्र अवश्य व्हावा. आखूड केसांचा, याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या तगलेला तो सोबती आजही बहुतेकदा पायरीपाशीच उभा असतो. पण कोणताही कुत्रा आत घेताना त्याचे केसही आत येणार, हे आधी मान्य करावे, आणि ते कोण काढणार हे घरातल्या सर्वांनी बसून त्याच दिवशी ठरवावे.