थर्मोडायनॅमिक्सचं गणित अडतं कुठे? वायू आणि वाफेतला फरक समजून घ्या

उरणच्या वायू विद्युत केंद्रात एकाच आवारात दोन तऱ्हांनी वीज तयार होते. महानिर्मितीच्या या केंद्रात १०८ मेगावॉटचे चार संच नैसर्गिक वायू जाळून तयार झालेल्या गरम वायूंवर चालतात. टर्बाइनमधून बाहेर पडणारे हे वायू तेव्हाही प्रचंड तापलेले असतात. ती उष्णता वाया न घालवता तिच्यावर पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर १२० मेगावॉटचे आणखी दोन संच फिरतात. एकूण क्षमता ६७२ मेगावॉट.

याच रायगड जिल्ह्यात लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे काय किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात काय, मेकॅनिकल-केमिकलच्या मुलांना थर्मोडायनॅमिक्सचा जो पहिला पेपर असतो, त्याचे मुख्य दोन भाग उरणच्या या दोन प्रकारच्या संचांसारखेच असतात. एक भाग वायूंचा, दुसरा पाणी आणि वाफेचा. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात. घोळ होतो तो एका भागाचं सूत्र दुसऱ्या भागात वापरल्याने. म्हणून आकडेमोडीआधी एकच प्रश्न विचारायचा: भांड्यात नेमकं काय आहे आणि ते कोणत्या अवस्थेत आहे?

वायू असेल तर काय करायचं?

हवा, नायट्रोजन, ऑक्सिजन हे नेहमीच्या दाब-तापमानाला सरळ वागतात. दाब गुणिले आकारमान बरोबर वस्तुमान गुणिले वायूचा स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे आपलं 'पीव्ही इज इक्वल टू एमआरटी'. इथे दोनच सापळे आहेत. तापमान केल्व्हिनमध्ये हवं आणि दाब निरपेक्ष हवा, म्हणजे गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवलेला.

समजा, पेट्रोल पंपावर टायरमध्ये २ बार हवा भरली. तेव्हा हवा २७ अंश सेल्सिअस होती. मुंबई-गोवा महामार्गावर तासभर पळून ती ५७ अंशांवर गेली. टायर फुगला नाही असं धरू. खरा दाब २ नाही, ३ बार. तापमान ३०० वरून ३३० केल्व्हिन. नवा दाब ३ × ३३० ÷ ३०० = ३.३ बार, गेजवर २.३. हेच गणित गेजचा दाब आणि सेल्सिअस घेऊन केलं तर उत्तर ४.२ बार येतं. असा टायर घेऊन कुणी वडखळपर्यंतही जाणार नाही. उत्तर आल्यावर 'हे शक्य आहे का?' असं स्वतःला विचारायची सवय इथेच लागते.

पाणी असेल तर?

पाण्याची गोष्ट वेगळी. समुद्रकिनारी ते १०० अंशांना उकळतं, रायगड किल्ल्यावर साधारण ९७ अंशांना, तर २ बार निरपेक्ष दाबाच्या कुकरमध्ये १२०.२ अंशांना. दाब ठरला की उकळबिंदू ठरला. त्यामुळे भांड्यात पाणी आणि वाफ एकत्र असतील, तर दाब आणि तापमान हे दोन आकडे मिळून एकच माहिती देतात. तिसरं काहीतरी लागतंच.

उदाहरण घ्या. ५०० लिटरच्या बंद टाकीत २ किलो पाणी आहे, दाब २ बार. आत काय आहे? एका किलोच्या वाट्याला ०.२५ घनमीटर जागा येते. स्टीम टेबलमध्ये २ बारची ओळ काढा. एक किलो द्रव पाण्याला ०.००१०६ घनमीटर जागा लागते, एक किलो कोरड्या वाफेला ०.८८६. आपला आकडा दोन्हींच्या मध्ये, म्हणजे मिश्रण आहे. (द्रवाच्या आकड्यापेक्षा कमी असता तर सगळं द्रव, वाफेच्या आकड्यापेक्षा जास्त असता तर अतितप्त वाफ. मग टेबलचं पान बदलायचं.) वाफेचा वाटा, म्हणजेच ड्रायनेस फ्रॅक्शन, (०.२५ − ०.००१०६) ÷ (०.८८६ − ०.००१०६), सुमारे ०.२८.

म्हणजे ०.५६ किलो वाफ, १.४४ किलो पाणी. वजनाने पाणीच जास्त, पण ते पाणी टाकीच्या तळाशी जेमतेम दीड लिटर. उरलेल्या साडेअठ्ठ्याण्णव लिटर अधिक चारशे लिटर जागेत वाफ!

घरातला एलपीजी सिलिंडरही याच जातीचा आहे. आत द्रव आणि वाफ दोन्ही असतात. त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाब फारसा उतरत नाही, आणि किती गॅस उरला हे दाबावरून कळत नाही. म्हणून तर आपण सिलिंडर हलवून बघतो.

वाफेला वायूचं सूत्र लावलं तर?

कमी दाबाला चालून जातं, आणि तिथेच फसगत होते. संपृक्त वाफेसाठी १ बारला सूत्राने १.७२ घनमीटर येतात, टेबलमध्ये १.६९. फरक दीड-दोन टक्के. १० बारला ०.२०९ विरुद्ध ०.१९४, म्हणजे साडेसात टक्के. १०० बारला मात्र ०.०२७ विरुद्ध ०.०१८. थेट दीडपट. मोठ्या वीज केंद्रांतले बॉयलर याच किंवा याहून जास्त दाबाला चालतात.

दाब वाढवायला किती काम लागतं, यातही असाच फरक आहे. ३०० केल्व्हिनची एक किलो हवा १ वरून १० बारपर्यंत आदर्श रीतीने, उष्णता बाहेर न जाऊ देता दाबली, तर ती ५७९ केल्व्हिनपर्यंत तापते आणि सुमारे २८० किलोज्यूल काम लागतं. एक किलो पाण्याचा दाब तेवढाच वाढवायला एक किलोज्यूलही लागत नाही, कारण पाणी जवळपास दाबलंच जात नाही. गॅस टर्बाइनची बरीचशी ताकद स्वतःचा कॉम्प्रेसर फिरवण्यात जाते, वाफेच्या संचात पंपाचा खर्च किरकोळ असतो, तो यामुळे.

पण या निरुपद्रवी वाटणाऱ्या पाण्याला कमी लेखू नका. १० बारला उकळीवर असलेल्या एक किलो पाण्यात ७६३ किलोज्यूल एन्थाल्पी असते. पाइप फुटून दाब एकदम १ बारवर आला, तर द्रव पाणी फक्त ४१७ धरून ठेवू शकतं. उरलेल्या ३४६ किलोज्यूलमध्ये, २,२५८ ने भागून, १५ टक्के पाण्याची क्षणात वाफ होते. आकारमान ०.००११३ वरून ०.२६ घनमीटरवर जातं, जवळपास २३० पट. कुकरचा दाब पूर्ण उतरायच्या आत झाकण उघडलं तर हेच घडतं, लहान प्रमाणात.