स्टोरेज युनिटच्या लिलावाचे रिअ‍ॅलिटी शो खरे असतात का?

हा प्रश्न मला माझ्या वडिलांनी विचारला, आणि विचारायचं कारण मजेशीर नव्हतं. दिंडोशीत आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. भाड्याच्या वन बीएचकेमध्ये सगळा संसार मावेना, म्हणून आजीची ट्रंक, तांब्याचा बंब, शिलाई मशीन आणि पुस्तकांचे अकरा खोके आम्ही एका सेल्फ स्टोरेजच्या गाळ्यात ठेवले. दरमहा पैसे माझ्या कार्डावरून आपोआप कापले जायचे. मध्ये बँकेने कार्ड बदललं. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमांनुसार आपोआप पैसे कापून घ्यायला ग्राहकाने आधी परवानगी, म्हणजे ई-मँडेट, नोंदवावी लागते. माझं मँडेट जुन्या कार्डावर होतं आणि नव्या कार्डावर ते नोंदवायचं माझ्याकडून राहून गेलं. तीन महिने भाडं गेलं नाही. मग ईमेल आला, त्यात 'लिलाव' हा शब्द होता.

बाबांनी त्याच आठवड्यात मोबाईलवर 'स्टोरेज वॉर्स'च्या क्लिप्स बघितल्या. शटर वर जातं, टोळकं बाहेरून बॅटरी मारून बघतं, बोली लागते आणि कुणाच्या तरी आजीच्या ट्रंकेतून काहीतरी निघतं. "हे खरं असतं का रे?" तेव्हा मी "नसतं हो" म्हणून विषय संपवला. पण नंतर वाचत गेलो तर उत्तर एवढं सोपं निघालं नाही.

आधी शो काय आहे ते बघू

'स्टोरेज वॉर्स' 1 डिसेंबर 2010 रोजी अमेरिकेत ए अँड ई या चॅनेलवर सुरू झाला. तिकडे 'लॉकर' म्हणजे बँकेतला कप्पा नव्हे, तर शटर लावलेली छोटी खोली. भाडेकरूने भाडं थकवलं की मालक नोटीस देऊन आतल्या सामानाचा जाहीर लिलाव करू शकतो. कॅलिफोर्नियात यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. शोमध्ये खरेदीदारांना दारातून पाच मिनिटं बघता येतं. आत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. मग अख्खी खोली एकाच बोलीत जाते, रोख पैशांत.

लिलावाची ही पद्धत खरी आहे. शो सुरू व्हायच्या आधीही असे लिलाव व्हायचे, आजही होतात. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन बोलीतून जास्त पैसे आले, तर ते कायद्याने मूळ भाडेकरूचे असतात. ही गोष्ट कार्यक्रम बघताना कुणाच्या डोक्यातही येत नाही. ट्रंकेत हिरा निघाला तर तो मात्र बोली जिंकणाऱ्याचा. म्हणजे लिलाव खरा की खोटा हा आपला प्रश्नच नाही. कॅमेऱ्यासमोर जे सामान 'सापडतं' ते तिथे आधीपासून होतं का, हा खरा प्रश्न आहे.

कोर्टात गेलेलं प्रकरण

डेव्ह हेस्टर हा शोमधला सगळ्यात गाजलेला खरेदीदार. लांबलचक 'यूऽऽप' ओरडून बोली लावणारा तो हाच. डिसेंबर 2012 मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या कोर्टात ए अँड ई आणि निर्मिती कंपनी ओरिजिनल प्रॉडक्शन्स यांच्यावर दावा लावला. निर्माते खोल्यांमध्ये मौल्यवान वस्तू आधीच पेरतात, काही खोल्या तर पूर्णपणे मांडून ठेवलेल्या असतात, आणि ज्यांचे पैसे कमी पडतात अशा खरेदीदारांना बोलीसाठी पैसे पुरवले जातात, असे त्याचे आरोप होते. उदाहरणादाखल त्याने एका खोलीत कचऱ्याखाली ठेवलेली बीएमडब्ल्यू मिनी गाडी आणि एल्विस प्रेस्लीच्या मृत्यूच्या बातमीची वर्तमानपत्रं सांगितली. तक्रार केल्यामुळे आपल्याला शोमधून काढलं, असंही त्याचं म्हणणं होतं. नुकसानभरपाई म्हणून किमान साडेसात लाख डॉलर मागितले होते.

पुढे काय झालं हे बहुतेक जण अर्धवट सांगतात. मार्च 2013 मध्ये न्यायाधीशांनी दाव्यातला अनुचित व्यापाराचा भाग काढून टाकला. 'कोर्टाने शो खरा ठरवला' असं त्यावरून अनेकांनी लिहिलं. तसं काही झालेलं नाही. कॅलिफोर्नियात एक कायदा आहे, ज्याने अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला घालणारे दावे सुरुवातीलाच बाद करता येतात. टीव्ही कार्यक्रम रचणं ही अभिव्यक्ती आहे आणि तिला घटनेचं संरक्षण आहे, असं कोर्टाने म्हटलं. सामान पेरलं की नाही याचा निवाडा झालाच नाही. उलट हेस्टरला समोरच्या पक्षाच्या वकिलांचे सुमारे 1 लाख 22 हजार डॉलर भरायचा आदेश मिळाला. नोकरीवरून काढल्याचा भाग पुढे चालू राहिला, 2014 मध्ये गुप्त अटींवर तडजोड झाली आणि त्याच वर्षी हेस्टर साहेब त्याच शोमध्ये परत हजर! तेव्हा आरोप कोर्टात सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

हेस्टरने दाव्यात अमेरिकेच्या दूरसंचार कायद्याचाही आधार घेतला होता. 1950 च्या दशकात 'ट्वेंटी वन' नावाच्या प्रश्नमंजुषेत स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती. चार्ल्स व्हॅन डोरेन नावाच्या प्राध्यापकाने 1959 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे तसं कबूल केलं. त्यानंतर 1960 मध्ये कायदा बदलला आणि ज्ञान, बौद्धिक कौशल्य किंवा नशिबाच्या स्पर्धेत प्रेक्षकांना फसवण्यासाठी निकाल आधी ठरवणं गुन्हा झालं. आता गोदामातला लिलाव ही 'स्पर्धा' आहे का? केबीसीसारख्या कार्यक्रमात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे बक्षीस आहे, नियम आहेत. लिलावाच्या शोमध्ये खरेदीदार स्वतःचे पैसे घालून धंदा करतोय असं दाखवतात. रिअ‍ॅलिटी शोची सगळी मोकळीक याच फटीतून येते.

गणित काय सांगतं

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही. समजा, दर दहा खोल्यांमागे एकीत काहीतरी भारी वस्तू निघते. हे मी फार उदारपणे धरतोय, आमच्या गाळ्यात तर बंबाच्या वर काही नाही. एका भागात चार खोल्या दाखवल्या, तर त्यांतल्या किमान एकीत घबाड निघायची शक्यता 34 टक्के. म्हणजे तीन भागांपैकी दोन भाग रडके निघायला हवेत. एका मोसमाचे 26 भाग धरले, तर प्रत्येक भागात काहीतरी निघण्याची शक्यता जवळपास एक लाख कोटींत एक एवढी येते.

यावरून लगेच 'बघा, पेरलं!' म्हणू नका, मीही आधी तीच चूक केली. दुसरा मार्ग आहे. युनिटने शंभर लिलाव शूट केले आणि नव्वद फेकून दिले, तरीही पडद्यावर हेच दिसेल. दहात एक या हिशोबाने 26 घबाडांसाठी 260 खोल्या लागतात. पन्नासात एक धरलं तर 1300. लिलाव एका ठिकाणी एका दिवसात बरेच होतात, त्यामुळे 260 जमण्यासारखं आहे. 1300 चं शूटिंग मात्र निर्मात्याच्या खिशाला परवडणं अवघड. दर्शकाला या दोन्ही शक्यता वेगळ्या करता येत नाहीत, कारण गाळलेल्या खोल्या त्याला कधी दिसतच नाहीत. निकाल दाखवायचा आणि नमुना किती मोठा होता ते लपवायचं, ही युक्ती शेअर बाजारातल्या टिप्स देणाऱ्यांनाही चांगली माहीत आहे.

शेवटी पडद्यावर नफा-तोटा दाखवतात, तोही जपून वाचा. तो बहुतेक अंदाज असतो. खरेदीदार वस्तू हातात घेऊन म्हणतो, "याचे तीनशे डॉलर", आणि तीनशे जमा होतात. विक्री झालेली नसते. टेम्पो, हमाली, कचरा टाकायचा खर्च, दुकानाचं भाडं, यांतलं काही वजा होत नाही. या पद्धतीने हिशोब केला तर आमचा भंगारवालाही करोडपती आहे.

कॅमेरा कुठे ठेवला होता?

आमच्या घरापासून चित्रनगरी, म्हणजे फिल्मसिटी, रिक्षाने दहा मिनिटांवर. 1977 मध्ये सुरू झालेल्या या जागेत मालिकांपासून केबीसी आणि बिग बॉसपर्यंत बरंच काही शूट झालंय. दिंडोशीच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणीतरी सेटवर काम करणारं सापडतंच. आमच्या जुन्या मजल्यावरचे काका साउंडला होते. रिअ‍ॅलिटी शो कसा बघायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो.

त्यांचा पहिला नियम असा, की बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का बघ. वाक्य सुरू होताना चेहरा दिसतो आणि मध्येच कॅमेरा ट्रंकेवर किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेला, तर वाक्याचा उरलेला भाग कुठूनही आणलेला असू शकतो. दोन-तीन वाक्यांचे तुकडे जोडून तिसरंच वाक्य बनवण्याला या धंद्यात 'फ्रँकनबाईट' म्हणतात. लिलावात हे फार सोपं, कारण बोली पुकारणारा सतत बडबडतो आणि आकडे कुठल्याही खोलीचे असले तरी सारखेच ऐकू येतात.

दुसरा नियम सावलीचा. एकाच बोलीत खरेदीदारांच्या पायाशी सावली लांब, पुन्हा आखूड, पुन्हा लांब दिसली, तर ते शॉट्स एका वेळचे नाहीत. भुवया उंचावलेले चेहरे एकदाच भरपूर शूट करून नंतर हवे तिथे चिकटवतात.

मला सगळ्यात आवडलेला नियम कॅमेऱ्याच्या जागेचा. कुलूप 'पहिल्यांदाच' तोडलं जातंय आणि शटर वर जाताना आपण आतून बाहेर बघतोय, असा शॉट दिसला, तर थांबवा आणि विचार करा. आत कॅमेरा कोणी ठेवला? एक तर खोली आधी उघडली होती, नाही तर उघडल्यावर पुन्हा बंद करून शॉट घेतला. दुसऱ्या प्रकारात सामान खरंच असू शकतं, प्रसंग मात्र दुसऱ्यांदा घडवलेला असतो. तज्ज्ञाकडे वस्तू दाखवायला नेतात, त्या प्रसंगांचंही तसंच. तज्ज्ञाच्या दुकानात माईक, लाईट, परवानगी, संमतीपत्र हे सगळं तयार ठेवायचं तर वस्तू काय आहे हे निदान काही जणांना आधी माहीत असावंच लागतं.

आपल्याकडे याची झलक 2021 मध्ये दिसली. 'इंडियन आयडॉल'मध्ये किशोर कुमार विशेष भागाला पाहुणे म्हणून आलेल्या अमित कुमार यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं, की सगळ्यांची स्तुती करा असं आपल्याला सांगितलं होतं. गाणी खरी, गाणारे खरे, फक्त कौतुक सूचनेवरून. पेरलेल्या मिनी गाडीपेक्षा हे सौम्य आहे, पण जातकुळी तीच.

भारतात असा शो का नाही

निम्मं कारण कायद्यात आहे. 1872 च्या करार कायद्यानुसार, ज्याच्याकडे आपण सामान सोपवतो त्याला काही प्रसंगी पैसे मिळेपर्यंत ते अडवून ठेवायचा हक्क असतो. अडवणं वेगळं आणि विकणं वेगळं. तारण ठेवलेली वस्तू वाजवी नोटीस देऊन विकता येते, म्हणून सोन्याच्या कर्जाचे लिलाव होतात. गोदामवाल्यांना मात्र विक्रीचं कलम करारात घालून घ्यावं लागतं.

बँक लॉकरचे नियम तर या शोच्या बरोबर उलटे आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये काढलेले हे नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. सलग तीन वर्षं भाडं थकलं तरच लॉकर फोडता येतो, तेही आधी पत्र, ईमेल आणि एसएमएस पाठवून. पत्र परत आलं तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्यावी लागते, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतलं. लॉकर फोडताना बँकेचा अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार हवेत, आतल्या वस्तूंची यादी हवी आणि व्हिडिओ चित्रण हवं. कॅमेरा इथेही आहेच. फक्त तो कापाकापी न करता चालू ठेवायचा असतो, कारण पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

आमच्या गाळ्याचं सांगतो. थकबाकी आणि दंड भरला, नवीन मँडेट केलं. मग एका रविवारी बसून करार पूर्ण वाचला, जो सही करताना वाचला नव्हता. नव्वद दिवसांनंतर नोटीस देऊन विक्रीचा हक्क, असं कलम त्यात होतं. नोटीस फक्त ईमेलवर. तुमचंही सामान असं कुठे पडलं असेल, तर कलम बघून घ्या आणि संपर्कात घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर टाका. भाड्याची तारीख कॅलेंडरमध्ये वेगळी ठेवा, मँडेटच्या भरवशावर राहू नका.

गाळा उघडला तेव्हा मी मोबाईलवर सलग व्हिडिओ घेतला, कुलूप काढल्यापासून शेवटच्या खोक्यापर्यंत, एकदाही न थांबवता. एकोणीस मिनिटांचा झाला. आजीच्या ट्रंकेत निघाली दोन नऊवारी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि फोटोंचा अल्बम. बाबांनी अल्बम तिथेच उघडला, आणि व्हिडिओतली शेवटची आठ मिनिटं फक्त त्यांची पाठ दिसते.