पाचवे शील आणि व्यसनमुक्ती : वंदना व ध्यान यांचा ऐतिहासिक विचार

जालना जिल्ह्यातील एखाद्या गावच्या बुद्धविहारात पौर्णिमेच्या सायंकाळी सामुदायिक वंदना चालू असते. त्रिशरण होते, पंचशील होते. पाचवे शील उच्चारले जाते तेव्हा सभागृहातील बहुतेकांच्या ओठांवरून ते सहज ओघळून जाते. ज्याच्या दृष्टीने त्या शिक्षापदातील प्रत्येक अक्षर जड असते, तो मनुष्य मात्र बहुधा सभागृहात नसतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याने दारू सोडलेली असते. तो दाराशी चपलांजवळ उभा असतो, नाही तर घरीच बसून असतो. आपण शील मोडलेले आहे, मग कोणत्या तोंडाने ते पुन्हा उच्चारावे, असे त्याला वाटते. दुःखाची गोष्ट ही की, आत बसलेल्यांपैकी अनेकांनाही तसेच वाटते.

या समजुतीला धम्माच्या इतिहासात काही आधार आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो. ज्या धम्मात ईश्वर नाही आणि ईश्वरापुढे करावयाची याचना नाही, त्या धम्माच्या अनुयायाला व्यसनातून बाहेर पडताना वंदना आणि ध्यान यांचा उपयोग कोणता?

भोगवर्धन ते कौशाम्बी

जालना जिल्ह्यातील आजचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरील दानलेखांत या नगराचे नाव आढळते. येथील उपासकांनी इतक्या दूरच्या स्तूपांसाठी दान दिले, यावरून या भूमीचे धम्माशी असलेले नाते किती जुने आहे ते कळून येते. भोकरदन येथे १९७३ साली उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष उजेडात आले. प्रतिष्ठानाहून, म्हणजे पैठणहून, उज्जयिनीकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या परिसरात हे नगर वसलेले होते. सुत्तनिपातात बावरीच्या सोळा शिष्यांच्या प्रवासाचे वर्णन आहे. ते शिष्य प्रतिष्ठानाहून निघून उज्जयिनी, विदिशा अशी नगरे ओलांडीत कौशाम्बीस आणि तेथून श्रावस्तीस जातात. पाचव्या शिक्षापदाशी निगडित असलेली विनयपिटकातील कथा याच कौशाम्बीत घडते.

ती कथा स्थविर सागत यांची आहे. चेतिय देशातील भद्दवतिका या गावाजवळ लोकांना भयभीत करणाऱ्या एका नागाला त्यांनी आपल्या तेजोबलाने नमविले, असे विनयपिटक सांगते. त्यांची कीर्ती कौशाम्बीत पोहोचली आणि उपासकांनी त्यांच्या सत्कारासाठी घरोघरी कापोतिका नावाचे मद्य सिद्ध करून ठेवले. सागत भिक्षेसाठी निघाले, घरोघरी मद्य प्याले आणि नगराच्या वेशीत कोसळले. तथागतांनी भिक्षूंकरवी त्यांना उचलून विहारात आणविले. भिक्षूंनी त्यांचे डोके तथागतांकडे करून त्यांना निजविले, परंतु नशेत कूस बदलून त्यांनी पाय तथागतांकडे केले. तेव्हा तथागतांनी भिक्षूंना विचारले की, पूर्वी हाच सागत आपला आदर राखीत नव्हता काय? ज्याने नागाला नमविले, तो आता साध्या पाणसापाला तरी नमवू शकेल काय? या प्रसंगानंतर मद्यपानाविरुद्ध नियम घालून देण्यात आला.

कथेतील अद्भुताचा भाग बाजूला ठेवला तरी तीन गोष्टी विचारात घेण्याजोग्या उरतात. पहिली अशी की, पडलेल्या सागताला वेशीत पडू दिले नाही, त्याला उचलून विहारात नेले. दुसरी अशी की, मद्यपानाचा हा नियम पाचित्तिय वर्गातील आहे. म्हणजे दोष कबूल करून भिक्षूने पुन्हा शुद्ध व्हावे असा तो दोष आहे, संघातून कायमचे दूर करणारा पाराजिक दोष नव्हे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. अंगुत्तर निकायात तथागतांच्या श्रेष्ठ शिष्यांची जी नामावली आहे, तीत तेजोधातूत कुशल असणाऱ्यांमध्ये अग्रगण्य म्हणून याच सागताचे नाव आहे आणि पुढे ते अर्हत झाले अशी परंपरा आहे. ज्याच्या पडण्यामुळे नियम झाला, त्याचे नाव परंपरेने पुसून टाकले नाही. उलट ते श्रेष्ठांच्या पंक्तीत जपून ठेवले.

पाचव्या शिक्षापदाची शब्दरचनाही हेच सांगते. सुरा आणि मेरय यांचा निषेध ‘पमादट्ठान’ म्हणून, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे स्थान म्हणून केलेला आहे. आणि त्यातील ‘सिक्खापद’ या शब्दाचा अर्थ शिकण्याची पायरी असा आहे. ‘समादियामि’ म्हणजे मी ती स्वीकारतो. येथे कोणी आज्ञा करणारा नाही आणि आज्ञाभंगाबद्दल शाप देणाराही नाही. शिकणारा चुकतो आणि पुन्हा धडा घेतो. म्हणूनच पंचशील आयुष्यात एकदा घेऊन थांबत नाही, ते पुनःपुन्हा घेतले जाते.

निजामी अंमलातील गुत्ता

दारूची आपल्या वस्त्यांवरील पकड समजून घ्यावयाची तर या प्रदेशाच्या राजकीय इतिहासाकडे पाहिले पाहिजे. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी याचा बहुतांश भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आबकारी हे त्या संस्थानाच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. मोहाची दारू आणि शिंदी यांच्या विक्रीचे हक्क मक्त्याने दिले जात. मक्ता या अर्थाचा ‘गुत्ता’ हा शब्द मराठीत दारूच्या दुकानालाच चिकटला आणि मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. भाषेत राहिलेली ही खूण बोलकी आहे. जितकी दारू अधिक खपेल तितका गुत्तेदाराचा नफा अधिक आणि तितकीच सरकारी बोलीही चढी. पिणाऱ्याच्या सुटकेत कोणाचेच हित नव्हते.

गावगाड्याने यात आपली भर घातली. वेठबिगार आणि अर्धपोटी राबणे ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना दिवसभराच्या श्रमांवर तेवढाच एक उतारा सहज मिळे. काही ग्रामदैवतांच्या जत्रांत बळीबरोबर दारूचाही मान असे. अशा रीतीने राजसत्ता, गावसत्ता आणि देवसत्ता या तिन्हींनी मिळून पेला पुढे केला आणि नंतर त्याच समाजाला ‘दारूडा’ म्हणून हिणविले. व्यसन हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष आहे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

महाड ते नागपूर

बाबासाहेबांच्या चळवळीत दारूबंदीचा विचार नैतिक उपदेश म्हणून आलेला नाही. तो स्वाभिमानाचा भाग म्हणून आला. २७ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी, नवरा किंवा मुलगा दारू पीत असेल तर त्याला जेवू घालू नका, असे कठोर शब्दांत बजावले. घरातील अन्नावर ज्या स्त्रीचा हात होता तिच्या हाती त्यांनी हे शस्त्र दिले. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने त्यांच्या उपस्थितीत परिषद भरली आणि संस्थानी मराठवाड्यातील दलित समाज उघडपणे चळवळीत उभा राहिला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. त्यानंतर अठराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता. एक बंदी प्रतिज्ञेची आणि दुसरी कायद्याची, अशा दोन वाटा या भूमीत जवळजवळ एकाच वेळी आल्या. कायद्याच्या वाटेवर हातभट्ट्या पेटल्या आणि पुढे तो कायदाही सैल झाला. प्रतिज्ञा मात्र सैल झाली नाही, कारण तिला निरीक्षकाची गरज नव्हती. तिला गरज होती ती रोजच्या अभ्यासाची, आणि तो अभ्यास पुरविण्यात आपण किती उणे पडलो, याचा हिशेब आपणच केला पाहिजे.

त्याच १९५६ साली अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने मद्यासक्ती हा उपचारयोग्य आजार असल्याचे मान्य केले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु आज विचार करताना दोन्ही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रतिज्ञा घेणारे मन आणि दारूला सवयलेले शरीर या एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत.

वंदना म्हणजे याचना नव्हे

अमेरिकेत १९३५ साली ‘आल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही व्यसनी माणसांची परस्परसाहाय्याची चळवळ सुरू झाली आणि १९५७ पासून ती भारतातही आहे. तिच्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी पायरी प्रार्थना आणि ध्यान यांची आहे. या चळवळीने असंख्य घरे सावरली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तिच्या मूळ मांडणीत ईश्वर आहे, जरी तो ज्याला जसा समजेल तसा मानण्याची मोकळीक असली तरी. तेथे बौद्ध उपासक अडखळतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, ईश्वरावरील श्रद्धेतून प्रार्थनेवरील श्रद्धा, तीतून पुरोहित आणि पुरोहितातून अंधश्रद्धा जन्मास येते, आणि सम्यक् दृष्टीचा घात होतो.

मग वंदना कशासाठी? वंदनेत आपण तथागतांकडे काहीही मागत नाही. आपण त्यांच्या गुणांचे स्मरण करतो, शरण जावयाची दिशा निश्चित करतो आणि शिक्षापदे स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कानांनी ऐकत स्वीकारतो. व्यसनातून उठणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ व्यवहारी आहे. जन्मभराची प्रतिज्ञा त्याला डोंगराएवढी वाटते. आजच्या दिवसापुरते शिक्षापद त्याला पेलवते. सकाळी ते घ्यावे, सायंकाळी ते पाळले गेले की नाही ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचे दौर्बल्य. त्यांचे मनन करताना तो ते पुस्तकात शोधीत नाही. ते त्याच्या घरात घडून गेलेले असतात.

समाधी आणि सम्यक् समाधी

ध्यानाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आहेत. काही जण ध्यानालाच संपूर्ण धम्म समजतात, तर काही जण ते चळवळीपासून पळण्याचे साधन मानतात. बाबासाहेबांनी केलेला भेद येथे मार्गदर्शक आहे. त्यांच्या विवेचनानुसार नुसती समाधी मनातील अडथळ्यांना तात्पुरते स्थगित करते, मनाला वळण लावीत नाही. सम्यक् समाधी मात्र कुशल कर्मावर मन एकाग्र करून अकुशलाकडे ओढ घेण्याची प्रवृत्तीच क्षीण करते. व्यसनमुक्तीच्या शास्त्रात ज्याला नुसते थांबणे आणि खरे सावरणे यांतील अंतर म्हणतात, ते हेच. बाटली दूर ठेवलेला मनुष्य थांबलेला असतो. ज्याची ओढ बदलली तो सावरलेला असतो.

हे घडते कसे? प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत वेदनेतून तृष्णा उपजते. सायंकाळ होते, कामावरून परतताना गुत्त्याच्या वळणावर घशाला कोरड पडते, हात अस्वस्थ होतात. ही वेदना होय. तिच्यातून ‘प्यावे’ ही तृष्णा उठते. स्मृतिप्रस्थानाचा अभ्यास करणारा या क्षणी तृष्णेशी भांडत नाही आणि तिच्या मागेही जात नाही. तो ती शरीरात कोठे आहे ते पाहतो, श्वासाकडे येतो आणि ती चढते तशी उतरतेही, याचा प्रत्यक्ष अनुभव घेतो. ॲलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या ओढीला लाटेची उपमा दिली होती. त्यांच्या सहकारी सारा बोवेन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्या २८६ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. स्मृतीच्या अभ्यासावर आधारित प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये वर्षाअखेर व्यसनाचे दिवस इतर गटांपेक्षा कमी आढळले. अनित्यतेचा जो धडा तथागतांनी दिला, त्याची ही मर्यादित, पण महत्त्वाची प्रचीती होय.

मात्र येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास पहिल्या काही दिवसांत झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे प्रकार घडू शकतात. अशा माणसाला प्रथम डॉक्टरांकडे नेले पाहिजे, ध्यानाला नंतर बसविले पाहिजे. वैद्याऐवजी ध्यान सांगणे ही श्रद्धा नव्हे, तो प्रमाद आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या मुक्तांगण केंद्राने वैद्यकीय उपचार आणि समूहाचा आधार यांची जी सांगड घातली, ती या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

विहाराचे दार

एवढ्या विवेचनानंतर आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शील मोडलेल्याला शील उच्चारण्याचा अधिकार नाही, या समजुतीला इतिहासात आधार नाही. शुद्ध-अशुद्धाच्या त्या जुन्या व्यवस्थेने आपल्याला शतकानुशतके दाराबाहेर उभे केले, तिचाच हा अवशेष आहे. तो आपल्या विहारात राहता कामा नये.

अंबड, घनसावंगी, मंठ्याकडील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर सोडतात. कोपीवर ना विहार असतो ना वंदना, दारू मात्र असते. परतलेल्या तरुणाला प्रश्न विचारण्याआधी त्याच्यासाठी सतरंजीवर जागा करणे हे आपल्या उपासक-उपासिकांचे काम आहे. वंदनेनंतर अर्धा तास थांबून श्वासाचा अभ्यास शिकविणारा एक माणूस, रात्री-अपरात्री ज्याचे दार ठोठावता येईल असा दुसरा आणि शासकीय रुग्णालयापर्यंत सोबत जाणारा तिसरा, एवढी तयारी कोणत्याही वस्तीला करता येईल. घरातील स्त्रीने एकटीने जे ओझे वाहिले, त्यातील काही भार अशा रीतीने समाजाने उचलला पाहिजे.

कौशाम्बीच्या वेशीत पडलेल्या सागताला तथागतांनी उचलून विहारात आणविले. त्यानंतर नियम सांगितला. हा क्रम आपण उलटा करू नये.