सतरा शिपायांची नावं

रायपूरच्या जयस्तंभ चौकाची ओळख एका फाशीशी जोडलेली आहे. सोनाखानचे बिंझवार जमीनदार वीर नारायणसिंह यांना इंग्रजांनी १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात मारलं, आणि शहराची परंपरा ती जागा याच चौकात दाखवते. स्तंभाची घडण मात्र विजयाची आहे. स्वातंत्र्याच्या वेळी जुन्या मध्य प्रांतातल्या अनेक गावांनी भर चौकात असे जयस्तंभ उभारले. वधाची आठवण विजयाच्या खांबाला बांधण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. १८५७ चं उरलेलं काम १९४७ मध्ये पुरं झालं, असा त्याचा अर्थ लावता येतो. मला सलतं ते दुसरंच. स्तंभाची उंची दुरून दिसण्यासाठी असते, पण हुतात्म्यांच्या स्मारकाचं खरं काम माणूस चौथऱ्याशी येऊन अक्षरं वाचू लागतो तेव्हा सुरू होतं. त्या फाशीनंतर रायपुरात झालेल्या बंडात फासावर गेलेले सतरा शिपाई त्या चौकाच्या आठवणीत अजून पुरते आलेलेच नाहीत.

अक्षरांचं हे बळ मराठी वाचकाला कोरेगाव भीमाहून ठाऊक आहे. १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं तो चौकोनी, वर निमुळता होत गेलेला स्तंभ आपल्या विजयासाठी बांधला. १८२१ मध्ये त्याचा पाया घातला आणि इंग्रजीबरोबर मराठीतही मजकूर कोरला. पण पडलेल्या साध्या शिपायांची नावं त्यावर आली, त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली महार सैनिकांची २२ नावं होती, आणि पुढे त्या नावांच्या वारसांनीच स्मारकाचा अर्थ बदलून टाकला. बांधणाऱ्यांचा हेतू मागे पडला, कोरलेली माणसं पुढे आली. याच्या उलट, पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्या पाहा. गावातून किती जण लढाईला गेले आणि त्यांतले किती मेले, एवढाच आकडा त्यांवर असतो. आकड्यापाशी कोणाच्या नातवाला आपला आजा सापडत नाही.

रायपुरात काय घडलं ते कागदोपत्री स्पष्ट आहे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेलं. दोनच वर्षांनी दुष्काळ पडला. कसडोलच्या व्यापाऱ्याचं कोठार फोडून नारायणसिंहांनी भुकेल्यांना धान्य वाटलं. त्यासाठी त्यांना २४ ऑक्टोबर १८५६ रोजी पकडलं गेलं. १८५७ च्या ऑगस्टात ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले, ते तिथल्या तिसऱ्या पलटणीतल्या शिपायांच्या मदतीनं. म्हणजे जमीनदार आणि पलटण यांचा धागा फाशीच्या आधीच जुळलेला होता. फाशीनंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी, त्याच पलटणीतल्या मॅगझिन लस्कर (दारूगोळ्याच्या कोठारावरचा सेवक) हनुमानसिंह यानं सार्जंट-मेजर सिडवेलला त्याच्या घरात घुसून ठार केलं आणि तोफखाना हाती घेतला. काही तासांत उठाव मोडला. २२ जानेवारीला सतरा जण सर्वांदेखत फासावर गेले: गाझी खान, अब्दुल हयात, मुल्लू, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह, अकबर हुसेन, बल्ली दुबे, लल्लासिंह, बुद्धूसिंह, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, नझर मोहम्मद, शिवगोविंद, देवीदीन. ही यादी मोठ्यानं वाचावी. हिंदू-मुसलमान एकत्र लढले हे वेगळं सांगावं लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, घरात शिरून एका अधिकाऱ्याला मारणं ही लढाई नव्हे. पण त्याच रात्री तोफा ताब्यात घेऊन पलटणीला हाक दिली गेली होती, आणि चार दिवसांत सतरा माणसं लटकवणाऱ्या सरकारनंही त्याकडे साधा खून म्हणून पाहिलं नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागेची आणि शिक्षेची खातरी कुठं आहे? नारायणसिंहांना तोफेच्या तोंडी दिलं, ही कथा इतकी रुजली आहे की १९८७ च्या टपाल तिकिटावरही तोफ आली. इंग्रजी कागदांत फाशी आहे. मी कागद मानतो. तरीही परंपरेनं जागा दाखवली म्हणून तिथं नावं कोरू नयेत, हे मला पटत नाही. नाव आणि तारीख कागदावर पक्की आहे, तेवढंच कोरावं. जागेबद्दल ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द पुरेसा आहे. नारायणसिंहांचा मान यानं कमी होईल, ही भीतीही निराधार आहे. त्यांना तुरुंगातून बाहेर काढणाऱ्या पलटणीतलीच ही माणसं होती.

खरी अडचण अठराव्या नावाची आहे. हनुमानसिंहाला पकडून देणाऱ्याला ५०० रुपयांचं इनाम जाहीर झालं, पण तो इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. मृतांच्या यादीत त्याला घालता येणार नाही, आणि ज्यानं उठावाची सुरुवात केली त्याला वगळणंही बरोबर नाही. माझ्या मते त्याचं नाव सतरांच्या वर, स्वतंत्र ओळीत, १८ जानेवारी १८५८ या तारखेसह यावं, आणि मृत्यूची तारीख कोरूच नये.