माडाखालचा ब्रूपब: रत्नागिरीची माडी आणि १८७८चा कायदा

आजचा विषय ऐकून घरच्यांसमोर हेडफोन लावा, एवढंच सांगतो.

पुण्यातल्या कुठल्याही ब्रूपबमध्ये 'सगळं थोडं थोडं द्या' म्हटलं की लाकडी ट्रेमध्ये पाच-सहा छोटे ग्लास येतात. गव्हाची ढगाळ बियर, काळी स्टाउट, कडू आयपीए. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात आणि वेटर अभिमानाने सांगतो, "सर, सगळं इथेच बनतं." मी रत्नागिरीचा, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला जरा हसू येतं. जिथे बनतं तिथेच, ताजं ताजं प्यायचं, हा प्रकार आमच्याकडे स्टीलच्या टाकीशिवाय शेकडो वर्षं चालू होता. त्याचं नाव माडी.

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीने घट्ट बांधतात, हलकेच ठोकून मऊ करतात आणि टोकाची पातळ चकती कापतात. तिथून रस ठिबकतो. खाली मडकं. माणूस दिवसातून दोन-तीनदा वर चढतो, नवा काप देतो, मडकं उतरवतो. या रसात १२ ते १५ टक्के साखर असते. बियरवाल्याला आधी धान्याला मोड आणून, ते भिजवून-शिजवून साखर काढावी लागते आणि मग यीस्ट विकत आणून घालावं लागतं. माडाकडे साखर तयार असते आणि यीस्ट हवेतून आणि जुन्या मडक्यातून आपोआप येतं. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं थांबतं आणि गोड नीरा मिळते. चुना नसेल तर रस झाडावरच आंबायला लागतो.

आता मजा बघा. ब्रूपबच्या ट्रेमध्ये ग्लास बदलतो तो धान्य, भाजणी आणि हॉप्स यांमुळे. माडीचा ट्रे घड्याळावर चालतो. पहाटे गोड, उन्हं चढल्यावर किंचित फेसाळ, दुपारनंतर ४-५ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण बियरइतकाच. संध्याकाळी आंबट, आणि एक-दोन दिवसांत शिर्का. एकाच मडक्यातून पाच चवी. याच माडीने गोव्यात पाव फुगवले जायचे, तिथे तिला सूर म्हणतात.

हे काम कोकणात मुख्यतः भंडारी समाजाचं. (शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी आठवतात ना? दर्यावर आणि माडावर, दोन्हीकडे ही मंडळी.) झाड बहुतेक वेळा बागायतदाराचं, चढणारा भंडारी. पोय माडीला दिली की तिला नारळ धरत नाही, म्हणून मालकाला भाडं द्यावं लागायचं. गणित तसंही काठावरचंच होतं.

आणि मग आला १८७८चा मुंबई अबकारी कायदा. थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं १८८६ मध्ये, त्याच्या आठ वर्षं आधी. या धोरणामागचा माणूस म्हणजे अबकारी खात्याचा कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड. सरकारचा प्रॉब्लेम मला इंजिनिअर म्हणून लगेच कळतो: हजारो माडांवर हजारो छोटे सर्व्हर चालू आहेत, लॉग कुठेच नाही. मग सेंट्रलाइज करा! दारू गाळायची मोजक्या मोठ्या भट्ट्यांत, विकायची ठेकेदाराने, म्हणजे प्रत्येक गॅलनवर कर मोजता येतो. माडीसाठी परवाना, वर प्रत्येक झाडामागे कर, आणि तो कर चढवत नेलेला. भाडं अधिक कर भरून हातात राहणार काय? भंडाऱ्यांनी अर्ज केले, विरोध केला. महसूल मात्र वाढला, त्यामुळे सरकार मागे हटलं नाही. दारू कमी व्हावी म्हणून हे केलं, असं तेव्हा सांगितलं जायचं. मला ते पटत नाही. मोजता न येणारी हलकी माडी महाग करून मोजता येणारी कडक दारू पुढे आणणं, याला नशामुक्ती कोण म्हणेल?

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या काळात १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. माडी गेली, नीरा परवान्यावर उरली. साठच्या दशकात बंधनं सैल झाली आणि सरकारमान्य माडीची दुकानं आली. तोवर किती घरांतली मुलं माडावर न चढता मुंबईच्या बोटीत बसली होती.

आता खरी गंमत. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. तिथल्या छावणीत घरी जायच्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई कंटाळून वेडे व्हायचे, म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. आयपीएमधला 'आय' सुद्धा इंडियाच. लंडनच्या हॉजसनने ती खास आपल्यासाठी शोधून काढली ही गोष्ट जरा रंगवलेली आहे, पण भरपूर हॉप्सची त्याची बियर केपला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करत इथे यायची, हे खरं. प्यायचे अर्थात साहेबलोक.

आणि या नव्या ब्रूपबना परवाना मिळतो तो कुठल्या कायद्याखाली? त्याच १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली! म्हणजे बनवायचं आणि तिथेच प्यायला द्यायचं, हे सरकारला आज चालतं. फक्त टाकी स्टीलची हवी आणि ती उभारायला भांडवल हवं. कोयता आणि मडकं असलेल्या माणसाला हीच गोष्ट सव्वाशे वर्षं जड गेली.

२००९ मध्येच गोव्याच्या काजू फेणीला जीआय टॅग मिळाला. आपल्याकडे काजूची बोंडं अजून बागेत सडतात. माडीला तर बाटलीत भरून पुण्याला पाठवायचीही सोय नाही, वाटेत शिर्का होईल.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावी, आजोळी कुणी अजून माडावर चढत असेल तर त्यांना दोन प्रश्न विचारा: झाड कुणाचं, आणि परवाना कुणाच्या नावावर? उत्तर त्यांच्याच आवाजात, त्यांना विचारून रेकॉर्ड करा आणि पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो.