एक चौरस मीटर शेवाळ

शेतात हरळी माजली म्हणजे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. कुळव घातला की तिचे तुकडे होतात, आणि जितके तुकडे तितक्या जागी ती नव्याने धरते. फासेला अडकलेला एखादा तुकडा बांधापलीकडे गेला की शेजाऱ्याचे वावरही गेलेच. आज ज्या वनस्पतीची हकिकत सांगणार आहे, ती समुद्रतळाची हरळीच म्हणा ना! फरक एवढाच, की समुद्राला बांध नाही.

युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये भूमध्य समुद्र आहे. त्याच्या काठी मोनॅको नावाचे एक चिमुकले राज्य. तिथले राजे पहिले आल्बर्ट यांना समुद्राच्या अभ्यासाचा मोठा नाद. त्यांनी कड्यावर समुद्रविद्येचे भव्य संग्रहालय उभारले. ते १९१० साली उघडले. याच संग्रहालयाच्या खालच्या पाण्यात १९८४ साली हिरव्या शेवाळाचा एक ठिपका आढळला. केवढा? सुमारे एक चौरस मीटर. आपले घोंगडेही त्याहून मोठे असते.

या शेवाळाचे नाव कॉलेर्पा टॅक्सिफोलिया. नेच्यासारखी नाजूक पाने, पोपटी रंग. मुळात ते उष्ण समुद्रातले. पण दिसायला देखणे म्हणून मत्स्यालयांच्या काचपेट्यांत लावत. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या प्राणिबागेत वाढवलेला त्याचा एक वाण थंडीही सोसणारा निघाला. तो एका मत्स्यालयाने दुसऱ्याला द्यावा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे होत होत मोनॅकोला पोहोचला. गावात एकीने दुसरीला फुलझाडाची फांदी द्यावी, तसेच हे. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

आता या वनस्पतीची करामत पाहा. दिसायला खोड, पाने, मुळे सारे काही आहे, पण आत पेशींच्या भिंतीच नाहीत. सबंध झाड म्हणजे एकच प्रचंड पेशी! तुटली तरी जखम लगेच भरून येते, आणि एखाद्या सेंटीमीटरचा तुकडाही पुन्हा रुजतो. होडीचा नांगर, कोळ्याचे जाळे, यांना अडकून ते बंदरोबंदर गेले. अंगात विषारी द्रव्य असल्याने बहुतेक मासे त्याला तोंड लावीत नाहीत. तिथे पोसिडोनिया नावाच्या समुद्रगवताची जुनी कुरणे आहेत. माशांची पिले त्यांत वाढतात. त्या कुरणांत हे शेवाळ शिरले.

नीसच्या विद्यापीठातले प्राध्यापक आलेक्सांद्र मेनेझ यांना १९८९ साली ते सुमारे एक हेक्टरभर, म्हणजे अडीच एकरांवर, पसरलेले दिसले. त्यांनी हाकाटी केली. पण मग सुरू झाला वाद. संग्रहालयाच्या बाजूने म्हणणे असे, की हे आमच्याकडचे नव्हेच. सुएझ कालव्यातून आलेल्या दुसऱ्याच जातीचे हे बदललेले रूप आहे. वर्तमानपत्रांनी ‘मारेकरी शेवाळ’ असे नाव देऊन आणखी धुरळा उडवला. १९९८ साली आनुवंशिक तपासणीत मत्स्यालयातले आणि समुद्रातले शेवाळ एकच ठरले. पण तोवर चौदा वर्षे गेली होती. २००० सालच्या अखेरीस सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारे तेरा हजार हेक्टर तळावर त्याचा प्रादुर्भाव झालेला होता. मला विचाराल तर विद्वानांनी वाद घालायला हरकत नाही, मात्र वादाचा निकाल लागेपर्यंत खुरपे बाजूला ठेवण्याचे कारण काय?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ पोर्ट-क्रो हे बेट आहे. ते बेट व त्याभोवतीचा समुद्र १९६३ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव झाला. राखीव जंगल तसा हा राखीव समुद्र. माणसाला नियम सांगता येतो, शेवाळाला कोण सांगणार? १९९४ साली ते तिथेही सापडले. उद्यानाने मग साधा पण चिवट मार्ग धरला. दरवर्षी पाणबुडे खाली उतरत, तळ निरखून पाहत आणि सापडेल तो कोंब हाताने उपटत. निंदणीच ही, फक्त पाण्याखालची.

याहून झटपट काम अमेरिकेत झाले. कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडच्या खाजणात जून २००० मध्ये पाणबुड्यांना हेच शेवाळ दिसले. भूमध्य समुद्राची कथा तोवर सर्वांना ठाऊक झाली होती, त्यामुळे अवघ्या सतरा दिवसांत काम सुरू झाले. शेवाळावर जाड ताडपत्री अंथरली, कडा वाळूच्या पोत्यांनी दाबल्या आणि आत क्लोरीन सोडला. ताडपत्रीखालचे इतर जीवही त्यात मेले, ही किंमत होतीच. सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. २००६ साली ते समूळ गेल्याचे जाहीर झाले.

आपल्या देशातही असा प्रश्न उभा राहिला, पण तिथे गुंता वेगळा आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ च्या सुमारास कप्पाफायकस नावाचे शेवाळ परदेशातून आणले. त्यापासून कॅराजिनन हा पदार्थ मिळतो. आइस्क्रीम, टूथपेस्ट यांना दाटपणा आणायला तो लागतो. पुढे तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला त्याची लागवड झाली. बांबूच्या तराफ्यांना दोऱ्यांनी रोपे बांधायची, दीडेक महिन्यात पीक. कोळ्यांच्या बायकांच्या हाती पैसा येऊ लागला. पण जवळच मन्नारच्या आखातातली एकवीस बेटे १९८६ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत. सरकारने २००५ साली लागवडीला हद्द घालून दिली: पाल्कच्या उपसागराच्या उत्तरेस आणि तुतिकोरीनच्या दक्षिणेस. तरी २००८ साली क्रुसडै बेटाजवळच्या जिवंत पोवळ्यांवर हे शेवाळ चढल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच्या जाड गादीखाली पोवळ्याला ऊन मिळत नाही, आणि ते गुदमरून मरते.

तिथेही शेवाळ हातानेच काढावे लागले. ताडपत्री आणि क्लोरीन वापरावा तर ज्याला वाचवायचे ते पोवळेच आधी मरायचे. उपटतानाही पोवळ्याच्या फटीत तुकडा राहतो आणि काही दिवसांनी तिथून पुन्हा कोंब येतो; मग त्याच जागी पुन्हा बुडी मारायची.