लोंबीतला इतिहास

'माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?' उत्क्रांती शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तोच विचारला आणि डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी निवेदन काढून विरोध केला.

पण निवेदनाने शंका फिटत नाही. डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ माकडापासून केला नाही. पाळीव प्राणी आणि पिके यांच्यापासून केला. आपणही केशोरीसारख्या धानपट्ट्यातील गावात बांधीपासूनच सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते.

जंगली धानाचे दाणे पिकताच गळतात. रोपाला ते सोयीचेच. एरवी बी पसरणार कसे? परंतु एखाद्या रोपात आनुवंशिक बदलामुळे दाणे लोंबीलाच राहतात. कापणाऱ्याच्या हाती असेच दाणे अधिक लागले आणि तेच पुढे पेरले गेले. हजारो वर्षांत शेतातले धान न गळणारे झाले. गळती कमी करणारे असे बदल २००६ मध्ये जनुकांत सापडलेही.

हा बदल होताना कोणी पाहिला? कोणीच नाही. आजा, बाप, नातू तिघांनाही धान सारखेच दिसले असणार.

शेतात निवड माणसाच्या हातून झाली. रानात ती दुष्काळ, रोग आणि शत्रू करतात. आणि माकडे? आजची माकडे आपले पूर्वज नव्हेत, भाऊबंद आहेत. मूळ घराणे एक, वाटण्या फार जुन्या.

उद्या वर्गात जाताना एक लोंबी सोबत न्यावी.